एकट्याची निष्ठा पुरत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एका सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात मी बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. माझी खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि दाराला एक हिरवा पडदा. त्या पडद्याआड बसून मी कितीतरी माणसांना त्यांच्या रक्ताचा अहवाल सांगितला. त्यांतली एक मुलगी मला विसरता येत नाही. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी नाव घालायला आलेली. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. ती रडली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत तिने एवढेच विचारले, "मॅडम, मी नवऱ्याशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मग मला कसा झाला?"

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर सोपे होते. पण ती विषाणूबद्दल विचारत नव्हती. 'नीट वाग, म्हणजे तुझे वाईट होणार नाही' असे तिला लहानपणापासून शिकवले होते. ती नीट वागली होती. मग आमचे शिकवणे कुठे चुकले, हे ती विचारत होती.

त्या काळी आमच्या प्रशिक्षणांत युगांडाचे नाव सारखे निघायचे. एड्सला मागे रेटणारा आफ्रिकेतला देश म्हणून त्याचा दाखला देत. तिथल्या ख्रिस्ती चर्चनी तरुणांना आणि जोडप्यांना कसे समजावले, तेही सांगत. मी युगांडाला गेलेली नाही. पण त्या देशाबद्दल मिळेल ते वाचत गेले, ते या मुलीच्या प्रश्नामुळे. कारण तिथल्या चर्चपुढेही एक दिवस नेमका हाच प्रश्न येऊन उभा राहिला होता. आज ती हकिकत सांगते.

युगांडा म्हटले की आपल्याला इदी अमीन आठवतो आणि १९७२ मध्ये त्याने तिथून हाकलून दिलेले भारतीय आठवतात. त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९८२ च्या सुमारास, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कासेन्सेरो नावाच्या कोळ्यांच्या वस्तीत माणसे झिजून मरू लागली. अंगावर मांस उरत नसे, म्हणून लोकांनी त्या रोगाला 'स्लिम' असे नाव दिले. कुणी म्हणाले करणी आहे, कुणी म्हणाले शाप आहे. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले. त्याच वर्षी क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की तुम्ही प्रशिक्षणाला पाठवलेल्या ६० सैनिकांपैकी १८ जणांच्या रक्तात हा विषाणू सापडला आहे.

मुसेवेनींनी ही गोष्ट दडपली नाही. गावोगावच्या सभांत ते उघड बोलू लागले. त्यांची घोषणा होती 'झिरो ग्रेझिंग'. शेतकऱ्याला ती लगेच कळे. जनावर रानात मोकळे सोडायचे नाही, गोठ्यातच वैरण घालायची. म्हणजे घर सोडून बाहेर तोंड मारायचे नाही! आपल्याकडच्या एखाद्या ग्रामसभेत हे ऐकून जशी खसखस पिकेल, तशी तिथेही पिकली असणार. पण हसता हसता विषय चारचौघांत आला, हे महत्त्वाचे.

आता यात चर्च कुठून आले? युगांडात दर दहा माणसांपैकी आठांहून अधिक ख्रिस्ती आहेत. जिथे डॉक्टर पोचत नाही, तिथे पाद्री असतो. बारसे, लग्न, मयत यांपैकी कशाचेच पान त्याच्यावाचून हलत नाही. अनेक मोठी रुग्णालयेही मिशनची. त्यामुळे हा रोग चर्चला टाळता येण्यासारखा नव्हताच.

तरी पहिली काही वर्षे अनेक व्यासपीठांवरून एकच सूर निघत होता. ही पापाची शिक्षा आहे. रविवारी असे प्रवचन व्हायचे आणि आठवड्यात त्याच मंडळीतल्या कुणाची तरी मयत निघायची. घरचे लोक मरणाचे कारण लपवायचे. शिक्षा म्हटली, की माणूस दार लावून घेतो, आणि दार लावलेल्या घरात औषधही पोचत नाही, सल्लाही नाही.

ती दारे आधी उघडली नर्स असलेल्या जोगिणींनी. १९८७ मध्ये कंपालाच्या न्साम्ब्या रुग्णालयातून आणि मसाका भागातल्या किटोवुच्या मिशन रुग्णालयातून घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम सुरू झाले. रुग्णालयात जागा नव्हती आणि एड्सवर तेव्हा औषधही नव्हते. मग त्या गाडीत बसून खेड्यात जायच्या, जखमा धुवायच्या, वेदना कमी करणारी गोळी द्यायच्या, शेजारी बसायच्या. प्रतिबंधाचे काम या खाटेशेजारी उगवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजाऱ्याची भीती गेली, तेव्हाच त्याच्या घरची धडधाकट मुले विचारू लागली, 'आम्ही यातून कसे वाचू?'

त्या मुलांसाठी न्साम्ब्याच्या डॉक्टर जोगीण मिरियम डगन यांच्या पुढाकाराने 'यूथ अलाइव्ह' नावाची तरुणांची मंडळे उभी राहिली. भाषण ठोकून 'हे करू नका, ते करू नका' असे सांगायचे नाही, हा तिथला नियम. शिबिरात तरुणांनी स्वतःलाच तीन प्रश्न विचारायचे. आज मी कुठे आहे? मला कुठे पोचायचे आहे? तिथवर जायला मला काय बदलावे लागेल? त्यावर नाटुकली व्हायची, वादविवाद व्हायचे. भेटवस्तू देणाऱ्या मोठ्या वयाच्या पुरुषाला 'नाही' कसे म्हणायचे, याचीही तयारी मुलींकडून करून घेत. लग्नापर्यंत थांबा, हा चर्चचा उपदेश होताच. पण थांबायचे तर अंगी बळ लागते आणि बाजूला सोबती लागतात, हे या मंडळांनी ओळखले होते.

यात मुसलमानही मागे नव्हते. मुसलमान डॉक्टरांच्या संघटनेने इमामांना हाताशी धरून मशिदींतून असेच काम केले. फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने १९८९ मध्ये आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस मरण येईपर्यंत तो शाळाशाळांत, चर्चमध्ये जाऊन बोलत राहिला. पुढे देशाच्या एड्स आयोगाचे अध्यक्षपदही बिशपांनी सांभाळले.

याचा उपयोग झाला का? १९८९ आणि १९९५ मधल्या पाहण्यांची तुलना केली, तर लग्नाबाहेरचे, येताजाताचे संबंध ठेवणाऱ्यांचे प्रमाण बरेच घटलेले दिसले. प्रौढांमधले बाधितांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १८ टक्क्यांच्या आसपास असावे असा अंदाज आहे. २००४-०५ च्या राष्ट्रीय पाहणीत ते ६.४ टक्के आढळले. मात्र एक कटू गोष्टही सांगायला हवी. हे प्रमाण नवी लागण कमी झाल्याने घटते, तसे बाधित माणसे मेल्यानेही घटते. युगांडात दोन्ही घडले. शहरांत निरोधचा वापरही वाढला होता. म्हणून सगळे श्रेय एकट्या प्रवचनाला देता येत नाही.

आता येते जोडप्यांची गोष्ट. माझ्या त्या मुलीचा प्रश्न इथे येतो.

१९९० मध्ये कंपालात एक चाचणी केंद्र उघडले. कुणीही यावे, नाव न सांगता तपासून घ्यावे. तिथे लग्न ठरलेल्या जोड्याही येऊ लागल्या. चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावे काही रविवार जाहीरपणे वाचली जातात. त्याआधी दोघांनी तपासून यावे, असे अनेक पाद्री सांगू लागले. लग्नापूर्वीच्या वर्गात संसार, मुले आणि पैसा यांच्याबरोबर हाही धडा आला. चर्चचे म्हणणे सरळ होते: लग्नापर्यंत थांबा, नंतर एकमेकांशी एकनिष्ठ राहा, मग भय नाही.

पण झालेल्या लग्नांचे काय? राकाई जिल्ह्यात संशोधकांनी एक बाधित आणि एक निरोगी अशी ४१५ जोडपी अभ्यासली. तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नवरा-बायको एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, आणि एकाच्या रक्तात विषाणू आहे, दुसऱ्याच्या नाही. अभ्यासाच्या काळात निरोगी जोडीदारांपैकी ९० जणांना लागण झाली. आणखी एक आकडा आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. या जोडप्यांपैकी २२८ घरांत नवरा बाधित होता, तर १८७ घरांत बायको. कुणी कुठून आणला, याचा हिशेब दरवेळी आपण समजतो तसा नसतो. कधी तो लग्नाच्या कितीतरी आधीचा असतो.

म्हणजे पाहा, 'आजपासून एकनिष्ठ राहा' हा उपदेश यांतल्या किती जणांना वाचवणार होता? विषाणू आधीच घरात असेल, तर निष्ठेने वागणारा जोडीदार त्याच्या जास्तच जवळ राहतो. निष्ठा ही दोघांची असावी लागते. आणि ती दोघांची असली, तरी दोघांच्या रक्तात काय आहे हे दोघांना ठाऊक असावे लागते.

ही गोष्ट चर्चच्या आतून मोठ्याने सांगितली ती गिडियन ब्यामुगिशा या अँग्लिकन पाद्र्याने. त्यांची पत्नी १९९१ मध्ये वारली. तिला एड्स होता, हे त्यांना नंतर कळले. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली. तीही पॉझिटिव्ह. त्यांनी ते लपवले नाही. आपण बाधित आहोत असे उघडपणे सांगणारे ते आफ्रिकेतले पहिले धर्मगुरू मानले जातात. चर्चने त्यांना काढून टाकले नाही. नामिरेंबे धर्मप्रांतात त्यांना एड्सचेच काम दिले. १९९५ मध्ये त्यांनी बाधित असलेल्या एका विधवेशी लग्न केले. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून योग्य उपचार घेतले आणि त्यांची मुले निरोगी जन्मली.

ब्यामुगिशा लोकांना एक साधी गोष्ट समजावतात. एखादा संबंध धर्माला, कायद्याला मान्य आहे का, हा एक प्रश्न. तो सुरक्षित आहे का, हा दुसरा प्रश्न. आपण या दोहोंची गल्लत करतो. लग्नाच्या नवरा-बायकोचा संबंध धर्माला पूर्ण मान्य, तरी तो असुरक्षित असू शकतो. उलट, बाधित माणूस म्हणजे पापी माणूस, हे समीकरणही इथेच मोडते. विषाणू कुणाचे पावित्र्य तपासत नाही. श्रोतेहो, माझ्या केंद्रातल्या मुलीला जे उत्तर हवे होते, ते मला इथे सापडले.

पुढे त्यांनी बाधित धर्मगुरूंना एकत्र आणणारी संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. संयम, निष्ठा, निरोध ही जुनी त्रिसूत्री त्यांना अपुरी वाटली. तीत चाचणी नाही, औषधे नाहीत, आणि बाईच्या हातात काही अधिकार आहे की नाही, याचाही विचार नाही. म्हणून सुरक्षित वर्तन, औषधोपचार, स्वेच्छेने चाचणी आणि लोकांना सक्षम करणारे शिक्षण अशी चौपदरी मांडणी या संघटनेने पुढे आणली.

सगळ्यांनी ती स्वीकारली असे मात्र नाही. निरोधवरून कॅथलिक चर्च आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यात सतत वाद होत राहिले. २००३ मध्ये अमेरिकेने एड्ससाठी प्रचंड निधी जाहीर केला. त्याच्या कायद्यात प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश भाग 'लग्नापर्यंत संयम' या प्रचारासाठी राखला होता. २००८ मध्ये ते बंधन सैल झाले. पण मधल्या काळात युगांडात संयमाच्या मिरवणुका निघत होत्या आणि निरोधचा तुटवडा पडला होता. २०११ च्या पाहणीत बाधितांचे प्रमाण ७.३ टक्क्यांवर गेलेले आढळले. औषधांमुळे बाधित माणसे जगू लागली, हेही त्याचे एक कारण. पण नवी लागण थांबली नव्हती, हेही खरे.

लग्नापूर्वीच्या चाचणीलाही दुसरी बाजू आहे. ती दोघांनी आपणहून केली, तर संसाराला आधार होतो. पाद्र्याने सक्ती केली आणि अहवाल त्याच्याच हातात गेला, तर लग्न मोडते, गावभर बभ्रा होतो आणि पुढचा माणूस चाचणीलाच येत नाही. काही ठिकाणी प्रार्थनेने रोग बरा करतो म्हणणाऱ्यांनी लोकांची औषधे सोडवली. २०२३ मध्ये युगांडाने समलिंगी संबंधांविरुद्ध अत्यंत कडक कायदा केला. त्याला अनेक चर्चनेत्यांचा पाठिंबा होता. पकडले जाण्याच्या भीतीने ती माणसे दवाखान्यापासून दूर राहू लागली. ज्या व्यासपीठाने कष्टाने दारे उघडली, तेच व्यासपीठ ती पुन्हा बंदही करू शकते.

मधल्या काळात विज्ञान मात्र फार पुढे गेले. एकेकाळी वर्षाला दहा-बारा हजार डॉलरना मिळणारी औषधे २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. आफ्रिकेत लाखो माणसांपर्यंत औषध पोचले, त्यात आपल्या देशातल्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवरील अभ्यासाचा निष्कर्ष आला. त्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती. बाधित जोडीदाराने लवकर औषध सुरू केले, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. आज आपण त्याहून ठामपणे सांगू शकतो. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे जोडीदारासाठी रोज न चुकता गोळी घेणे, हीसुद्धा एक निष्ठाच झाली की!

आता तुम्ही म्हणाल, हे सारे युगांडाचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध? आपल्याकडे रोगाचे प्रमाण त्या मानाने फार कमी आहे, हे खरे. पण पुण्यातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या, पण देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त पतीशी आला होता. माझ्यासमोर बसलेली मुलगी काही एकटी नव्हती.

आपण पत्रिका पाहतो, गुण जुळवतो, कुठे शेती किती आहे तेही विचारतो. 'दोघांनी एकदा तपासून घ्या' हे वाक्य मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. आपल्याकडे ते कोण म्हणेल? गावातला कीर्तनकार म्हणू शकतो. मुलाचा मामा म्हणू शकतो. वधू-वर मेळावे भरवणारी ज्ञातिमंडळे म्हणू शकतात. वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या चर्चमध्ये लग्नापूर्वीचे वर्ग होतात, तिथे फादर म्हणू शकतात. सक्ती मात्र नको. गोव्यात २००६ मध्ये सरकारने लग्नापूर्वी सक्तीच्या चाचणीचा विचार मांडला, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला. आपल्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे माणसाच्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि त्याचा अहवालही उघड करता येत नाही. सरकारी केंद्रात ही चाचणी मोफत होते. २००४ पासून औषधेही मोफत मिळू लागली. माहिती हवी असेल तर १०९७ या क्रमांकावर विनाशुल्क फोन करता येतो.

त्या मुलीला मी त्या दिवशी काय सांगितले? खरे सांगायचे तर नीट काहीच सांगता आले नाही. बाळाला वाचवता येईल, एवढे सांगितले आणि पाण्याचा पेला पुढे केला. दुसऱ्या खेपेला ती नवऱ्याला घेऊन आली. तो खाली मान घालून बसला होता. त्याच्याही चाचणीची चिठ्ठी मी लिहिली. पुढे ती जेव्हा जेव्हा औषधाला यायची, तेव्हा माझ्याकडे डोकावून जायची. एकदा तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण वेगळ्या सुरात. "माझी चूक नव्हती ना मॅडम?"

तोवर मी ब्यामुगिशांबद्दल वाचले होते. मी म्हटले, "नाही गं बाई. तू तुझं वागलीस. आमचंच सांगणं अर्धं होतं."

उरलेले अर्धे आज तुम्हाला सांगितले. घरात लग्नाचे मूल असेल, तर त्याला ते जरूर सांगा. आणि स्वतःचे लग्न झालेले असेल, तर एखाद्या सकाळी दोघांनी मिळून त्या हिरव्या पडद्याआड जाऊन या. एकट्याने जाऊ नका, जोडीने जा.